छोट्या लेथवर घट्ट बसणारे चेंज गिअर: घासायचं काय आणि हात कशाला लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. 7×14 चा चिनी मिनी लेथ. मूळच्या प्लॅस्टिकच्या चेंज गिअरपैकी (आट्यांचं अंतर ठरवायला अदलाबदल करायचे गिअर) एकाचे दात गेले म्हणून मॉड्यूल 1 चा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) स्टीलचा संच मागवला. त्यातले निम्मे गिअर शाफ्टवर जाईनात. 20 दातांचा एक लीड स्क्रूच्या (टूल सरकवणारा लांब स्क्रू) टोकावर हातोडीने ठोकून बसवला, तर तो आता निघेना. एम 8 चे आटे पाडायचेत, म्हणजे गिअर बदलल्याशिवाय सुटका नाही. आणि शेवटी विचारलंय, ‘बोअर, म्हणजे गिअरचं मधलं भोक, घासून मोठं करू की शाफ्ट घासून बारीक करू?’

आत्ता तरी दोन्ही नको. गिअर कुठे अडतोय हे कळायच्या आधी कानस हातात घेतली की रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. बोअर सैल होऊन बसतं आणि अडणारी जागा अडतच राहते.

चेंज गिअर हा बोटांनी घालायचा आणि बोटांनी काढायचा भाग आहे. पुली किंवा बेअरिंगसारखा तो प्रेस करून बसवायचा नसतो. फिरवण्याचं काम चावी (शाफ्ट आणि गिअर या दोघांच्या गाळ्यांत बसणारा चौकोनी तुकडा) करते, गिअर बाहेर येऊ न देण्याचं काम टोकाचा स्क्रू आणि वॉशर करतात. बोअरच्या घट्टपणाला इथे काहीच काम नाही. या लेथवर गिअरचं बोअर 12 मिमी आणि चावी 3 मिमीची. बोअर एच 7 मध्ये (एच 7 आणि जी 6 म्हणजे मापाला किती सूट, याचे प्रमाणित वर्ग) केलं असेल तर ते 12.000 ते 12.018 मिमीच्या दरम्यान येतं. शाफ्ट जी 6 मध्ये असेल तर 11.983 ते 11.994. म्हणजे मोकळीक कमीत कमी 6 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्तीत जास्त 35. शाफ्टला तेलाचं बोट पुसलं, अंगठ्याने ढकललं की गिअर सरकला आणि धरून हलवला तर डुगडुगला नाही, एवढंच हवं. स्वस्त संचात मात्र बोअर 11.99 चं निघतं, शाफ्ट 12.01 चा निघतो, आणि तिथे भांडण सुरू होतं.

आधी तो अडकलेला 20 दातांचा गिअर. त्यावर आणखी एकही ठोका घालू नका, कारण हा संचातला सगळ्यात नाजूक गिअर आहे. मॉड्यूल 1, 20 दात म्हणजे पिच व्यास (दात एकमेकांना लागतात तिथला) 20 मिमी आणि दातांच्या मुळाशी व्यास 17.5 मिमी. म्हणजे मध्यापासून दाताच्या मुळापर्यंत 8.75 मिमी. त्यातून बोअरचे 6 आणि की-वेच्या (चावीच्या गाळ्याच्या) खोलीचे 1.4 गेले की उरतं 1.35 मिमी. एवढ्याशा भिंतीवर गिअर तगून आहे. घट्ट बोअरमुळे तो आतून ताणला गेलेला असतो आणि की-वेचा कोपरा म्हणजे तडा जायला आयती जागा. निघाल्यावर भिंगातून तो कोपरा बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी तो गिअर बाजूला टाका.

काढताना मागून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ब्रॅकेटला खोक पडते, गिअर तिरका होतो आणि आणखी आवळून बसतो. बाजारातला दोन पायांचा पुलर एवढ्या लहान गिअरच्या मागे जात नाही. त्यापेक्षा घरीच पुलर करा. गिअरच्या मागे जितकी फट असेल तितक्या जाडीची लोखंडी पट्टी घ्या, तिला शाफ्टवर बसेल असा यू आकाराचा गाळा कापा आणि दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडा. पुढे दुसरी जाड पट्टी. दोन्ही पट्ट्या दोन लांब बोल्टनी जोडायच्या आणि पुढच्या पट्टीच्या मध्यावरचा स्क्रू शाफ्टच्या टोकावर दाबायचा. शाफ्टच्या टोकाला आट्यांचं भोक आहे, ते चुरडू नये म्हणून मध्ये पितळेचा तुकडा ठेवा. स्क्रू आवळून ताण द्या, मग गिअरला हॉट एअर गनने गरम करा. 12 मिमीचं स्टीलचं बोअर 70 अंशांनी तापलं तर जेमतेम 10 मायक्रॉन उघडतं, पण अडकलेल्या गिअरला तेवढं पुष्कळ होतं. शाफ्ट तापायच्या आत काम उरका. जवळचे प्लॅस्टिकचे गिअर आधी काढून ठेवा, आणि हे सगळं प्लग काढून. या पद्धतीत सगळा जोर गिअर आणि शाफ्ट यांच्यातच फिरतो. हातोडीचा जोर मात्र लीड स्क्रूच्या छोट्या ब्रॅकेटवर जातो, म्हणून तिथे हातोडी चालवायची नाही. नायलॉनची असली तरी नाही.

गिअर निघाला की शोध सुरू. पहिली चाचणी फुकटची आहे: चावी काढा आणि नुसत्या शाफ्टवर गिअर घालून बघा. सुळकन गेला तर बोअर आणि शाफ्ट दोघंही निर्दोष, सगळा दोष चावीचा. माझ्याकडे ‘बोअर टाइट आहे’ म्हणून येणाऱ्या गिअरमध्ये बऱ्याचदा हेच निघतं. चावी नसतानाही अडला तर तोच गिअर दुसऱ्या ठिकाणी घाला. या लेथवर तीन ठिकाणं आहेत: वरचा स्टड, क्वाड्रंटवरचा (मधले गिअर धरणारा, फिरवता येणारा ब्रॅकेट) बुश आणि लीड स्क्रू. सगळे गिअर एका ठिकाणी अडतात आणि दुसरीकडे जातात, तर ते ठिकाण दोषी. एकच गिअर तिन्हीकडे अडतो, तर तो गिअर दोषी. कागदावर आडवं-उभं मांडून खुणा करा, अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. ‘निम्मे गिअर जात नाहीत’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

चावीचं गणित नीट बघा, कारण इथेच जास्त वेळ जातो. 3×3 च्या चावीसाठी शाफ्टमध्ये गाळ्याची खोली 1.8 मिमी आणि गिअरमध्ये 1.4. बेरीज 3.2, चावी 3.0. म्हणजे चावीच्या डोक्यावर 0.2 मिमी मोकळं राहायला हवं. चावी शाफ्टमध्ये बसवून समोरच्या बाजूपासून चावीच्या माथ्यापर्यंत मायक्रोमीटर लावा: 13.2 मिमी यायला हवेत. गिअरमध्ये बोअरच्या तळापासून की-वेच्या छतापर्यंत व्हर्नियरने मोजा: 13.4. शाफ्टवर 13.4 च्या वर आकडा आला तर चावी खाली टेकलेली नाही. एक तर गाळ्यात चिप (धातूचा कीस) अडकलीय, किंवा गाळ्याच्या तळाचे कोपरे गोल आहेत आणि चावीच्या कडा धारदार आहेत. चावीच्या खालच्या दोन कडांना कानशीचा एकच हलका हात मारा, ती खाली बसते.

उंची बरोबर असून चावी अडत असेल तर ती रुंदीला अडतेय. चावीच्या दोन्ही बाजूंना मार्कर पेनने काळं करा, गिअर हाताने जाईल तेवढाच ढकला आणि काढा. जिथे घासलं तिथला काळा रंग जाऊन धातू चमकतो. मार्किंग ब्ल्यूचा डबा नसला तरी चालतं, मार्कर पुरेसा आहे. मग काचेच्या तुकड्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून चावीची ती बाजू आठाच्या आकारात फिरवा. बोटाखाली चावी कलली तर कड गोल होते, म्हणून दाब मध्यावर ठेवा. दर थोड्या वेळाने मायक्रोमीटर लावा. पाच-दहा मायक्रॉन निघाले की बहुतेक काम होतं. शाफ्टच्या गाळ्यात चावी अंगठ्याने दाबून घट्ट बसावी आणि गिअरच्या गाळ्यात सरकावी. गिअर काढताना चावी त्याच्यासोबत बाहेर येऊन मशिनखाली घरंगळत असेल तर ती शाफ्टमध्ये सैल आहे, दुसरी करा.

माझा क्रम असा असतो: आधी चावी, मग कडांवरची बर, मग गिअरचं बोअर आणि अगदी शेवटी शाफ्ट. चावी बिघडली तर चौकोनी पट्टीचा तुकडा कापून दुसरी होते. गिअर बिघडला तर एक गिअर जातो. शाफ्ट बारीक झाला तर त्यावर बसणारे सगळेच गिअर कायमचे डुगडुगणार.

बर म्हणजे उठलेली कड. ती डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. शाफ्टच्या टोकाला, विशेषतः की-वे जिथे टोकाशी उघडतो तिथल्या दोन्ही कोपऱ्यांवरून नख आतून बाहेर ओढा. नख अडलं तर तिथे कड उठलीय. टोकाचा स्क्रू वर्षानुवर्षं जोरात आवळला असेल तर आट्यांच्या तोंडाशी धातू फुगून शाफ्टचं टोकच दोन-चार मायक्रॉन जाड झालेलं असतं. गिअर पहिल्या दोन मिलिमीटरला अडतो आणि पुढे सैल वाटतो, ती खूण हीच. नव्या गिअरमध्ये की-वे ब्रोचने (गाळा कापायचं दातेरी हत्यार) काढल्यावर गाळ्याच्या तोंडाशी अशीच कड राहते, कारखान्यात ती काढायचे कष्ट कुणी घेत नाही. शाफ्टच्या टोकाला बारीक कानशीने आणि गिअरच्या बोअरला दोन्ही तोंडांनी अर्धा मिलिमीटर चॅम्फर (तिरपी कड) द्या. शाफ्टच्या बाकी अंगाला कानस लावायची नाही. गंजाचा डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरला तेल लावून फिरवा, तेवढंच.

खरोखर बोअरच लहान निघालं, तर सँडपेपरची गुंडाळी आत घालून फिरवू नका. बोअर तोंडाशी मोठं आणि मध्ये लहान होतं, गिअर तिरका बसतो आणि तो दोष पुढे आवाजाच्या रूपाने कायम ऐकू येतो. 12 एच 7 चा हँड रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) घ्या, पण सरळ खाचांचा नको. त्याची धार की-वेत अडकते आणि रीमर एका बाजूला ओढला जातो. तिरप्या खाचांचा रीमर की-वेवरून अलगद जातो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असे रीमर मिळतात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या भागात तर एखादा वर्कशॉपवाला दहा मिनिटांत रीम करून देईल. रीमर उभा धरायला गिअर व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये पकडा. तेल लावा, एकाच दिशेने फिरवा आणि बाहेर काढतानाही उलटा फिरवू नका.

दुसरा मार्ग लेथवरच बोअर करण्याचा. ‘गिअरशिवाय लेथ कसा चालवू’ असं वाटेल, पण कंपाउंड स्लाइड (टूलखालची छोटी सरक) हाताने चालवली तर चेंज गिअर लागतच नाहीत. गिअर चार जबड्यांच्या चकमध्ये दातांवर पितळी पट्टी देऊन पकडायचा, बोअरला लिव्हर डायल (फिरताना किती हलतं ते दाखवणारं घड्याळ) लावून 10 मायक्रॉनच्या आत फिरवायचा आणि धारदार एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने हलका कट घ्यायचा. की-वेवर टूल दर फेरीला आपटतं, म्हणून कार्बाइड नको. आधी दाताच्या टोकाला कानस लावून बघा. ती नुसतीच घसरली तर गिअर हार्डन केलेला आहे, तो मशिनवर न घेता बदलून मागा.

आता क्वाड्रंटवरचा बुश. याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बी आणि सी (वरच्या स्टडपासून मोजत दुसरा आणि तिसरा) हे दोन गिअर एकाच बुशवर, एकाच चावीने जोडलेले असतात आणि तो बुश आत स्टडवर फिरतो. नट आवळल्यावर वॉशर बुशच्या तोंडावर टेकायला हवा, गिअरवर नाही. म्हणजे बुशची लांबी दोन्ही गिअरच्या जाडीच्या बेरजेपेक्षा थोडी जास्त हवी, दहाव्या हिश्शाएवढा मिलिमीटर पुरतो. प्लॅस्टिकच्या गिअरसाठी केलेल्या बुशवर जरा जाड स्टीलचे गिअर चढवले की नट आवळताच सगळं जाम होतं. बघणाऱ्याला वाटतं की दात घट्ट लागलेत, म्हणून तो क्वाड्रंट सैल करत बसतो. दातांपासून लांब, नुसता बुश आवळून हाताने फिरवून बघा. फिरला नाही तर गिअरची बाजू फेस करा (लेथवर उतरवून पातळ करा) किंवा नवा बुश करा. आतल्या स्टडला तेल द्यायला विसरू नका. तो कोरडा राहिला तर बुश खातो.

दात जुळवताना आधी लीड स्क्रूवरचा गिअर आणि सी यांची जुळणी करायची. क्वाड्रंट लीड स्क्रूभोवतीच फिरतो, त्यामुळे ही जुळणी एकदा बसली की पुढे बिघडत नाही. नंतर सबंध क्वाड्रंट वर उचलून बी ला वरच्या गिअरशी भिडवा. दातांमध्ये साध्या छपाईच्या कागदाची पट्टी धरा, दाबून आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या पडाव्यात पण ती फाटू नये. चक हाताने फिरवा. एकाच जागी जड लागलं तर प्रत्येक गिअरवर खडूची खूण करा आणि बघा, कुठल्या खुणेशी जडपणा परत परत येतो. 20 दातांच्या खुणेशी येत असेल तर तो गिअर, 80 च्या खुणेशी येत असेल तर तो. बहुतेकदा एखाद्या दातावर आपटल्याची खूण असते, ती बारीक त्रिकोणी कानशीने उतरते. पूर्ण फेरीभर हळूहळू जड आणि हळूहळू हलकं होत असेल तर बोअर मध्यात नाही. त्यावर इलाज कागदाचा: सगळ्यात जड जागी जुळवा आणि बाकीकडे थोडा खडखडाट सोसा.

संच मागवताना मॉड्यूल तपासलंत ना, हेही बघून घ्या. जुन्या ब्रिटिश लेथचे, उदाहरणार्थ मायफोर्ड 7 मालिकेचे गिअर 20 डीपीचे (पिच व्यासाच्या दर इंचाला 20 दात) असतात, म्हणजे मॉड्यूल 1.27. ते मॉड्यूल 1.25 च्या गिअरजवळ ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण फिरवताना घास लागतो. तुमच्या 80 दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास 82 मिमी यायला हवा आणि 20 च्या गिअरचा 22. व्हर्नियर लावायला अर्धा मिनिट लागतो.

माझं मत विचाराल तर सगळे गिअर स्टीलचे करू नका. कॅरेज (टूल वाहून नेणारा भाग) चकवर आदळला तर प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातात आणि तिथेच नुकसान थांबतं. सगळं स्टीलचं असेल तर तोच धक्का हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभंगलेला नट) किंवा एप्रनमधल्या (कॅरेजचा पुढचा भाग) गिअरला बसतो, आणि ते बदलणं गिअर बदलण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं आहे. लीड स्क्रूवरचा गिअर प्लॅस्टिकचा ठेवला तरी आटे पाडायला काही अडत नाही. आवाजही कमी होतो. नायलॉनचा असेल तर पावसाळ्यात ओल शोषून तो थोडा फुगतो. बोअरही सोबत मोठं होतं, त्यामुळे शाफ्टवर तो अडत नाही, पण बाहेरचा व्यास वाढून दात घट्ट लागतात. जूनमध्ये कागदाची चाचणी पुन्हा करा.

एम 8 साठी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25 मिमी. तुमचा लीड स्क्रू 1.5 मिमीचा असेल तर वर 50, लीड स्क्रूवर 60 आणि मध्ये जागेत बसेल तो कोणताही गिअर नुसता आयडलर (गुणोत्तर न बदलणारा मधला गिअर) म्हणून. 50 भागिले 60 गुणिले 1.5, बरोबर 1.25. तिघं एका रेषेत यायला लीड स्क्रूवरचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) गिअरच्या पुढून काढून मागे घालावा लागेल. हाफ नट एकदा लावला की आटे पूर्ण होईपर्यंत उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवून परत यायचं. पहिला कट नुसता ओरखडा उठेल इतकाच घ्या आणि दहा आट्यांचं अंतर मोजा. 12.5 मिमी आलं तर पुढे चला. 13.2 च्या आसपास आलं तर गिअरमध्ये काही चुकलेलं नाही, तुमचा लीड स्क्रू 16 टीपीआयचा (दर इंचाला 16 आटे) आहे आणि मशिनवर चिकटवलेला तक्ता दुसऱ्या लेथचा आहे.